चिखलातलीचं बोलणं

आबासाहेब सूर्यवंशींनी कॅसेट बादलीत घालून आणली होती. वरून कडुलिंबाचा पाला. बादली त्यांनी माझ्या दुकानाच्या पायरीवर ठेवली आणि स्वतः रस्त्यात जाऊन उभे राहिले, जसा काही आत नाग आहे.

"सोनाक्का, ही तुमची अवदसा परत घ्या."

मी पाला बाजूला सारला, कॅसेट उचलून उजेडात धरली. फीत निम्म्यावर होती.

"मागं फिरवून का आणली नाही?"

"काय?"

"कॅसेट मागं फिरवून आणायची, हा माझ्या दुकानाचा नियम आहे. भिंतीवर लिहिलाय. मला धड वाचता येत नाही, तुम्हाला तर येतं."

आबासाहेबांच्या मिशा थरथरल्या. "माझ्या घरात सून कालपासून भूत होऊन बसलीय आणि तुम्ही मला नियम शिकवताय?"

समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. पानवाल्यानं मान बाहेर काढली. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी चांगलं झालं तर कुणाला ऐकू जात नाही, वाईटाला मात्र सगळ्यांचे कान तयार.

"कुठली सून?"

"एकच आहे. उज्ज्वला. तुमचा पिच्चर बघितला आणि त्यातली बाई हिच्या अंगात शिरली. मराठी बोलत नाही, कुणाला ओळखत नाही. त्या बाईचं बोलणं बोलते. दादू भगतानं अंगारा लावला, लिंबू उतरवलं, कोण गं तू म्हणून विचारलं, तर त्यालाही तेच. दादू म्हणतो, मी मराठी भुतं काढतो, कानडी काढतो, ही कुठली ते मला उमगत नाही."

"मग त्याला शिकायला पाठवा. माझ्या पायरीवर काय आहे?"

"दुकान बंद करा. आज दिवस मावळायच्या आत. नाहीतर माणसं घेऊन येतो आणि ह्या सगळ्या कॅसेटींची इथंच होळी करतो."

एवढं बोलून ते निघाले. बादली तशीच ठेवून गेले. मी मागून हाक मारली, "आबासाहेब, बादली न्या. दुसऱ्याची भांडी ठेवून घ्यायची सवय नाही आम्हाला." ते थांबले नाहीत.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. दुकान बंद कर म्हणाला म्हणून नव्हे. असली धमकी मी उठता-बसता ऐकली होती. माझ्या कॅसेटीनं माणूस बिघडलं म्हणाला, ते मला झोंबलं. कारण कुणाला काय दाखवायचं हे माझ्याइतकं जपून उभ्या जिल्ह्यात कुणी करत नव्हतं.

आमच्या विट्याची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या. देशभर भट्ट्या लावतात आणि सणापुरती घरी येतात. आमचे मालक, माझे घरधनी, कोचीनला भट्टीवर होते. तिथं बंदरावर जहाजावरचे परदेशी खलाशी जुन्या कॅसेटी मातीमोल विकून जायचे. मालकांना कुणीतरी डोक्यात भरवलं की गावाकडं व्हीसीआरचा धंदा बरा चाललाय. त्यांनी ट्रंक भरून कॅसेटी पाठवल्या. उघडून लावल्या तर एक हिंदी नाही, एक मराठी नाही. सगळ्या काळ्या-पांढऱ्या, जुन्यापान्या, आणि सगळ्या भुताखेताच्या. कुठल्या देशाच्या ते देवाला ठाऊक.

माझी सून मालन रडायला आली. "आत्या, हे विट्यात कोण बघणार?"

"आधी मी बघते," मी म्हणाले.

आणि बघितल्या. दुसरीतून शाळा सुटलेली बाई मी, त्यातला एक शब्द कळत नव्हता. पण बाहेरून कडी वाजल्यावर आतला माणूस उठायला का कचरतो, हे कळायला शब्द कशाला लागतात? नावं वाचता येईनात म्हणून मीच नावं ठेवली. मेणाची बाई. काचेतला नवरा. बिनसावलीचा डॉक्टर. पुढं गावानं तीच नावं धरली.

लोकांना वाटतं भुताचा पिच्चर म्हणजे भुताचा पिच्चर, कुठलाही उचलावा आणि द्यावा. खुळी माणसं. ज्याला नुसतं दचकायचंय त्याला मेणाची बाई द्यायची. मास्तर लोकांना बिनसावलीचा डॉक्टर, कारण त्यात शेवटी सगळं का झालं ते समजावून दाखवतात आणि मास्तरांना त्याशिवाय जेवण जात नाही. काचेतला नवरा नव्या जोडप्याला मी कधी दिला नाही. घरात पोटुशी बाई असली तर कॅसेटच नाही, मग तो तालमीचा वस्ताद असू दे. कराड-तासगावची कॉलेजातली शौकीन पोरं यायची. "आक्का, काहीतरी आडवाटेचं द्या." मी आधी विचारायची, शेवटचं कशाला भ्याला होतास ते सांग. खरं सांगितलं तर कॅसेट मिळायची. मी कशालाच भीत नाही म्हणणाऱ्याला मी पायरीवरून परत पाठवायची. भीत नाही त्यानं कुस्त्या बघाव्यात.

सगळ्यांत कमी जणांना दिली ती 'चिखलातली'. त्यात रक्त नाही, सुळे नाहीत, कवटी नाही. सासरच्यांनी दलदलीत ढकललेली एक बाई असते. ती रोज येऊन दाराबाहेर उभी राहते, अंगावरचा चिखल निथळत असतो, आणि एवढंच म्हणते, "येल्मा तोरे नूश." आत म्हातारी असते. ती दरवेळी दार लावून घेते. अगदी शेवटी म्हातारी कडी काढते आणि म्हणते, "इवा." मग ती चिखलातली उंबऱ्यात बसते आणि म्हातारीच्या मांडीवर डोकं ठेवते. संपला पिच्चर. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ पदराचं टोक तोंडात धरून बसले होते.

बघणारे विचारायचे, आक्का, ती काय म्हणते? मी सांगायची, "मला घरी जायचंय म्हणते. दुसरं काय म्हणेल?"

आता उज्ज्वला. ही अंकलखोपची, कृष्णेकाठची. लग्नात हिच्या बापाचे मानाचे फेटे कमी पडले. आबासाहेबांचे मेहुणे बिनफेट्याचे राहिले, तेव्हा त्या भल्या माणसानं आपल्या डोक्यावरचा फेटा काढून त्यांना बांधला. दुसऱ्या कुणी त्याला मोठं मन म्हटलं असतं. आबासाहेब म्हणाले, उष्टा फेटा बांधला. मांडवात गोंधळ उडाला. हिच्या आईनं विहीणबाईंच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा कुठं वरात हलली. त्या दिवसापासून माहेर तोडलं. पंचमीला भाऊ न्यायला आला, त्याला उंबऱ्यावरून परत लावून दिला. दिवाळीला आला, तेव्हा पाणीही विचारलं नाही. हिचा नवरा गलाईला आसामात, त्याचं बापापुढं तोंड उघडत नाही.

बरं, एवढ्यावर भागवावं की नाही? लग्नाचं व्हिडिओ शूटिंग झालेलं होतं. घरी पाव्हणे आले की आबासाहेब माझ्याकडून व्हीसीआर भाड्यानं न्यायचे आणि ती कॅसेट लावायचे. फेट्याची जागा आली की पुढं जाऊ द्यायचे, आणि हिची आई खाली वाकली की थांबवायचे. चित्र तिथंच थरथरत राहायचं. मग पाव्हण्यांना म्हणायचे, "बघा, असल्या घरातली केलीय. पण आम्ही सांभाळून घेतलं." आणि त्याच वेळी उज्ज्वलानं चहाचा ट्रे घेऊन बाहेर यायचं.

एकदा व्हीसीआर जोडून द्यायला मी स्वतः गेले होते, तेव्हा हे डोळ्यांनी बघितलं. पाव्हणे माना हलवत होते. पोरगी कपबशा ठेवत होती, टीव्हीकडं पाठ करून. मी म्हणाले, "आबासाहेब, एका जागी थांबवून ठेवू नका. फीत झिजते."

"झिजू द्या," ते हसून म्हणाले. "माझी आहे."

झिजलीही होती. हिच्या आईच्या तोंडावर पांढऱ्या रेघा आल्या होत्या.

व्हीसीआर त्यांच्या घरात असला आणि मोठी माणसं बाहेर गेली की उज्ज्वला पदर घेऊन माझ्याकडं यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी रीतीप्रमाणं विचारलं, "शेवटचं कशाला भ्याली होतीस?"

"फोनला," ती म्हणाली. "शेजारी माहेरचा फोन आला की. आईच्या अंगावरून वारं गेलंय. उजवी बाजू हलत नाही."

मी तिला नीट बघून घेतलं आणि 'चिखलातली' दिली. त्यानंतर ती दरवेळी तीच मागायची. मालन म्हणायची, "आत्या, ही बाई एकच पिच्चर किती वेळा बघणार?" मला मात्र बरं वाटायचं. शंभरांत एखाद्यालाच कळतो तो पिच्चर, हिला कळला, असं वाटायचं. आणि ती कधी न चुकता मागं फिरवून आणायची.

तर बादलीतली कॅसेट काढून मी पिशवीत घातली आणि मालनला म्हणाले, "दुकानावर बस. मी जाऊन येते."

"आत्या, शांतपणानं बोला."

"शांतपणानंच त्याची मिशी उतरवते."

खरंच भांडायला निघाले होते. मनात पक्कं होतं. पोरीचं सोंग आहे, ते चारचौघांत उघडं पाडायचं आणि माझ्या कॅसेटीवरचा डाग पुसून यायचं. सोंगाला भूत म्हणतात आणि बदनाम मी होते काय?

सूर्यवंशींच्या सोप्यात बायाबापड्यांची ही गर्दी. मधल्या खोलीत उज्ज्वला भिंतीला टेकून बसलेली, केस मोकळे, गुडघ्यापर्यंत गोठ्यातला चिखल. समोर दादू भगत. सासू इंदुमती डोळ्याला पदर लावून दाराशी.

"आल्या," आबासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "या. बघा तुमची करणी."

"बघायलाच आलेय. सरका जरा."

मी पुढं झाले. उज्ज्वलानं मान वर केली. नजर माझ्या आरपार. आणि जड, ओल्या आवाजात म्हणाली, "येल्मा तो... तो... तोरे नूश."

बाया मागं सरकल्या. मी सरकले नाही. माझ्या कॅसेटीत नेमकी त्या जागी फीत चुरगळलेली होती, त्यामुळं तिथं आवाज अडखळायचा. भूत अडखळत नव्हतं, फीत अडखळत होती. ह्या शहाणीनं ती अडखळसुद्धा पाठ केली होती.

सापडली, मी मनात म्हणाले. सांगायला तोंड उघडलंच होतं.

एवढ्यात दादू म्हणाला, "वैनी, लाल मिरच्या आणा. आणि शेगडी. धुरी दिल्याबिगर हे बोलतं व्हायचं न्हाई."

इंदुमतीबाई हलल्या नाहीत. दारातूनच पुटपुटल्या, "काल फोन आल्यापासून सुरू झालंय हिचं."

"कुणाचा फोन?" मी विचारलं.

"अंकलखोपचा. आई लई अत्यवस्थ आहे, पोरीला एकदा पाठवा म्हणत होते."

"मग?"

आबासाहेब मध्येच म्हणाले, "मग काय? उष्ट्या फेट्याच्या दारात आमची सून जात नाही. विषय संपलाय तो. मिरच्या आणा."

मी उज्ज्वलाकडं बघितलं. ती तशीच बसली होती, पण मांडीवरची बोटं पदराला पीळ घालत होती. भुताला फोनाचं काय? मग मी कोपऱ्यात बघितलं. टीव्हीवर विणलेला रुमाल, बाजूला माझा व्हीसीआर, आणि त्याच्यावर ती लग्नाची कॅसेट, देवाच्या पोथीसारखी नीट ठेवलेली.

आतून शेगडीचा खडखडाट आला. मला एकदम कळलं की ह्या पोरीनं स्वतःला कुठं अडकवून घेतलंय. भूत तर झाली, पण ज्या भाषेत झाली त्या भाषेत तिला मागणं मागता येईना. दादू विचारत होता, काय पाहिजे तुला? आणि ती सांगत होती. घसा फुटेस्तोवर सांगत होती. घरभर माणसं होती आणि एकालाही कळत नव्हतं. मराठीत बोलावं तर सोंग उघडं पडणार. नाही बोलावं तर मिरच्यांची धुरी.

"दादू, थांब," मी म्हणाले. "तिचं बोलणं मला कळतं."

सोप्यातल्या बाया दारात दाटल्या.

"तुम्हाला कसं कळतं?" आबासाहेबांनी डोळे बारीक केले.

"माझ्या घरातून आलीय ती. इतकी वर्षं माझ्या फळीवर राहिलीय. मला नाही कळणार तर कुणाला?"

मी उज्ज्वलाच्या समोर मांडी घातली. म्हणाले, "बोल."

तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "येल्मा तोरे नूश," ती म्हणाली. ह्या वेळी अडखळली नाही.

मी म्हणाले, "इवा."

खोलीतल्या एका माणसालाही तो शब्द ठाऊक नव्हता. तिला होता. तिनं पुढं वाकून माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. सगळं अंग कापत होतं. ते सोंग नव्हतं.

"आई गं," गर्दीतली कुणीतरी म्हणाली. "ऐकलं की हिनं आक्काचं."

दादू भगत पुढं सरकून बसला. "काय म्हणतीया, आक्का?"

"म्हणते, हे शरीर ज्या बाईच्या पोटी आलं तिच्या हातचं पाणी मला प्यायचंय. ते प्याले की सोडते. आणि माझं घर, म्हणजे ही कॅसेट, तिथल्याच नदीत सोडायची. हिनंच आपल्या हातानं. आज निघायचं. ती बाई गेली तर मग मी कायमची ह्याच घरात राहते, म्हणते."

इंदुमतीबाईंनी आबासाहेबांचा सदरा धरला. "अहो, पाठवा."

"त्या दारात?"

"तुम्हाला कुणी बोलावलंय?" मी म्हणाले. "भुताला बोलावलंय. भुताला कसला मानपान आलाय?"

कुणीतरी तोंड दाबून हसलं. आबासाहेब गर्दीकडं बघायला लागले. दादूकडं बघितलं, तर दादू मान हलवत होता. त्याचीही सुटका होत होती. पण हा माणूस नुसता वाकेल तर आबासाहेब कसला?

"ठीक आहे," ते म्हणाले. "पाठवतो. पण आधी तुम्ही इथं चारचौघांत सांगायचं, दोष कुणाचा. माझ्या घराचा की तुमच्या कॅसेटीचा. सकाळी लई तोऱ्यात होतात. सांगा आता. पायरीवर उभ्या राहून सांगा."

सांगते आजही, तेव्हा माझ्या जिभेवर जे आलं होतं ते बाहेर पडतं तर त्या घराचे वासे हलले असते. दोष कुणाचा म्हणे. मी उज्ज्वलाचं डोकं हळूच खाली ठेवलं. सोप्याच्या पायरीवर गेले. खाली सगळी गल्ली. शिंपी, पानवाला, माझ्याकडून कॅसेटी नेणारी पोरं. त्यांच्यासमोर, जन्मात कुणापुढं मान खाली न घातलेली बाई मी, म्हणाले:

"दोष माझ्या कॅसेटीचा. बाधा माझ्या दुकानातून आली. सूर्यवंशींच्या घराचा काही दोष नाही."

शेवटचं वाक्य बोलताना माझ्या तोंडाची चव गेली. ती पुढं कित्येक दिवस परत आली नाही.

मालनकडून लाल फडकं मागवलं, त्यात 'चिखलातली' गुंडाळली आणि उज्ज्वलाच्या हातात दिली. अंगावरचा चिखल धुवायला आणि लुगडं बदलायला तिला एकटीला आत पाठवलं. भुताजवळ उभं राहायला कोण तयार होतं? मधली खोलीसुद्धा रिकामी झाली. धाकटा दीर जीप घेऊन आला. ती लाल फडकं छातीशी धरून मागं बसली आणि गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग माझे भोग सुरू झाले. बाया दुकानासमोरून जाताना पोरांना दुसऱ्या बाजूला घ्यायला लागल्या. आमच्या दारात कुणीतरी लिंबू-मिरची टाकून गेलं, ते मी उचलून सरबत केलं आणि पायरीवर बसून प्याले. मालन म्हणाली, "आत्या, तुम्ही खरं का नाही सांगितलं?" मी म्हणाले, "भांडी घास."

आणि माणसाची जात बघा. जे दिवसा माझ्या सावलीला भीत होते, तेच मागच्या दारानं यायला लागले. "आक्का, ती भूत निघालेली कॅसेट नदीत गेली म्हणे, तिची दुसरी कॉपी बघायला मिळेल का?" सांगलीहून आले, मिरजेहून आले. चांगली शिकलेली माणसं. पिच्चर चांगला आहे म्हणून मी घसा कोरडा करत होते, तेव्हा कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. पोरगी बिघडली म्हटल्यावर सगळ्यांना बघायचा होता. मी एकेकाला असा फटकारून काढला की सांगता सोय नाही.

ऊसतोड सुरू झाली तेव्हा उज्ज्वला आली. दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. अंगानं उतरली होती, पण मान सरळ होती.

"आई गेली," ती म्हणाली. "महिनाभर होते जवळ. शेवटी डाव्या हातानं तिनं मला पाणी पाजलं. खरंच पाजलं, आक्का. तुम्ही सांगितलं होतं तसं."

मी तिला आत बसवलं. मालननं चहा ठेवला.

"तू त्या भाषेत कशाला शिरलीस गं?" मी विचारलं. "साधी आपल्या मराठीत घुमली असतीस, मागणं मागून मोकळी झाली असतीस."

"मराठीत मला खोटं बोलता येत नाही. सासूबाई आवाजावरून ओळखतात."

"आणि धुरी दिली असती म्हणजे? कुणाला कळणार होतं तुझं बोलणं?"

"तुम्हाला." तिनं कपाकडं बघितलं. "त्यांनी तुमच्या कॅसेटीला नाव ठेवलं की तुम्ही भांडायला येणार, हे ठरलेलंच होतं. तुम्ही भांडायला आला नाहीत असं कधी झालंय?"

मालन फिस्सकन हसली. मी तिच्याकडं बघितल्यावर ती दूध बघायला गेली.

म्हणजे ह्या पोरीनं माझ्या तोंडाळपणाच्या भरवशावर जीव पणाला लावला होता. मला कॅसेट कुणाला द्यायची ते कळतं म्हणून मी मिरवत होते. इथं हिनं मलाच निवडून काढलं होतं. मला राग यायला पाहिजे होता. आलाही असेल.

उज्ज्वलानं पिशवीतून एक पुडकं काढलं. आईच्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेलं. सोडलं तर आत 'चिखलातली'.

"अगं," मी म्हणाले, "ही तर नदीत सोडायची होती. तुझ्या दिरानं येऊन सगळ्या गावाला सांगितलं, डोळ्यांनी बघितलं म्हणून."

"लाल फडकं बघितलं त्यांनी."

"मग त्यात काय होतं?"

ती उठली, पदर सारखा केला. "मागं फिरवून आणलीय, आक्का. तुमच्या नियमाप्रमाणं," एवढंच म्हणाली आणि गेली.

मी फीत बघितली. पहिल्यापासून होती.

पुढं सणाला आबासाहेबांकडं पाव्हणे आले. ते माझ्या दुकानात आले, बऱ्याच दिवसांनी. पायरीवर चढावं की न चढावं असं करत उभे राहिले. व्हीसीआर मागितला. मग खाकरून म्हणाले, "सोनाक्का, आमची लग्नाची कॅसेट सापडत नाही. सगळं घर पालथं घातलं. चुकून तुमच्या कॅसेटींत मिसळून आलीय का, जरा बघता?"

मी फळीकडं वळलेही नाही. मेणाची बाई पुसत होते, ती पुसून जागेवर ठेवली.

"नाही, आबासाहेब," मी म्हणाले. "असले भयाण पिच्चर मी दुकानात ठेवत नाही."